जुन्या गोव्याचे से कॅथेड्रल

पेठ वडगावातून कोल्हापूर आणि आंबोलीचा घाट उतरून आम्ही दोघे पणजीस गेलो, आणि तेथून मांडवीच्या काठाने जुन्या गोव्यात. ‘से’ म्हणजे बिशपचे आसन. समोर उभे राहताच प्रथम डोळ्यांत भरते ती उणीव. डावीकडे मनोरा आहे, उजवीकडचा 1776 साली कोसळला, तो पुन्हा कोणी उभारला नाही.

25 नोव्हेंबर 1510 रोजी, संत कॅथरीनच्या सणादिवशी, अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवे घेतले. म्हणून ही वास्तू तिला वाहिलेली. 1562 मध्ये राजा सेबास्टियनच्या कारकिर्दीत काम सुरू झाले, इमारत 1619 मध्ये पुरी झाली, प्रतिष्ठा 1640 साली. लांबी अडीचशे फूट. दगड जांभा, वरून चुन्याचा गिलावा. पहिला थर बसविणाऱ्या गवंड्याने शेवटचा थर पाहिला असेल, असे वाटत नाही. खर्च राजाच्या खजिन्यातून झाला. मजुरांच्या चळवळीत आयुष्य गेल्यामुळे आम्हांला हजेरीपट विचारण्याची खोड आहे. तो मात्र भिंतीवर कोठेच नाही.

आमचा सोबती, जुना गिरणी कामगार, दाराशीच थांबला. “ज्यांनी आपली देवळे पाडली, त्यांच्या घरात आम्ही कशाला जावे?”

त्याचे म्हणणे खोटे नाही. 1540 पासून तिसवाडीतील देवळे पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश 1560 च्या सुमारास नदीपलीकडे प्रियोळला न्यावा लागला. त्याच साली आलेले इन्क्विझिशन 1812 पर्यंत चालले. पण याच काळात, ही भिंत चढत असता, फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले, आणि 1616 मध्ये ते रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. पुढे 1683 च्या नोव्हेंबरात संभाजीराजे शेजारच्या जुवे बेटावर आले, तेव्हा व्हाइसरॉयने आपला राजदंड झेवियरच्या शवाजवळ ठेवला, आणि लगेच 1684 मध्ये लोकांच्या भाषेवर बंदीचा हुकूम काढला. भाषेची गोडी आणि भाषेचे भय, दोन्ही एकाच सत्तेच्या छायेत नांदली.

हे सारे आम्ही बाहेर आल्यावर पायरीवर बसून त्याला सांगितले. त्याने सारे ऐकले, मग विचारले, “पाया कोणी खणला?”

“आपल्याच बाजूच्या लोकांनी, दुसरे कोण?” आम्ही म्हटले.

तो उठला, देवळात जाताना काढतो तशा वहाणा काढून दाराशी ठेवल्या, आणि आत गेला.