मोकळा सिग्नल आणि स्वस्त ट्यूनर कार्ड

मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. ते कार्यक्रम बीड जिल्ह्यात पोचवण्यात बालाघाटाच्या माथ्यावरच्या अंबाजोगाईच्या प्रक्षेपण केंद्राचा वाटा मोठा. पुढे गल्लीगल्लीत केबल आली आणि 2000 नंतरच्या दशकात घरच्या कॉम्प्युटरवर टीव्ही दाखवणारं ट्यूनर कार्ड आलं. ते आता भंगारात गेलं, म्हणून त्याचा इतिहास किरकोळ समजला जातो. माझं म्हणणं वेगळं आहे. हे कार्ड सामान्य घराला परवडलं, कारण सिग्नल मोकळा होता. आणि त्या सिग्नलला कुलूप लागलं, तेव्हा ते निकामी झालं.

कार्डाची रचनाच याची साक्ष देते. अँटेना किंवा केबलची वायर जिला जोडायची ती पत्र्याची डबी म्हणजे ट्यूनर. शेजारी बीटी 878 किंवा फिलिप्सची एसएए 7134 यांसारखी एक चिप. आणि बहुतेक कार्डांना आवाज साउंड कार्डात नेणारी वीतभर वायर. पिनॅकल, लीडटेक, ॲव्हरमीडिया यांची कार्डं नावाजलेली होती, पण कमी किमतीच्या कार्डांवरही अनेकदा याच चिपा असत. जास्तीचे पैसे जात ते रिमोट, एफएम आणि सॉफ्टवेअरसाठी. चित्र मात्र जोडणीवर ठरे. 720 बाय 576 ठिपक्यांची 25 चित्रं दर सेकंदाला न दाबता पाठवायची, तर सुमारे 20 मेगाबाइट लागतात. पीसीआय स्लॉटची क्षमता 133 मेगाबाइट, तर जुन्या यूएसबी 1.1 ची जेमतेम दीड. त्यामुळे साधं पीसीआय कार्ड दिमाखदार यूएसबी डबीपेक्षा सरस ठरे. सॉफ्टवेअरमध्ये देश चुकीचा निवडला, तर चित्र स्वच्छ दिसे आणि आवाजाच्या जागी नुसती खरखर येई. कारण आपल्या पाल-बी पद्धतीत आवाजाची लहर चित्राच्या लहरीपासून 5.5 मेगाहर्ट्झवर असते, इतर देशांत हे अंतर वेगळं.

तरीही कार्डाची खरी किंमत दुकानात ठरत नसे, गाव कुठे आहे यावर ठरे. अंबाजोगाईपासून सरळ रेषेत परळी वीसेक किलोमीटरवर, बीड सत्तरच्या आसपास, आष्टी सव्वाशेच्या घरात. एकच कार्ड परळीत साध्या अँटेनावर चालेल; बीडला उंच अँटेना आणि बूस्टरचा खर्च धरावा लागेल; आष्टीत केबलशिवाय त्याचा उपयोग नाही. यावर कोणी म्हणेल, कॉम्प्युटर आणि जुना काचेचा मॉनिटर मिळून छोट्या टीव्हीपेक्षा जास्त वीज खातात, मग भारनियमनाच्या त्या दिवसांत यात बचत कसली? आक्षेप रास्त आहे. ज्याला फक्त टीव्ही बघायचा होता, त्याच्यासाठी कॉम्प्युटर बंद ठेवून मॉनिटरवर चालणारी वेगळी ट्यूनरची डबीच शहाणपणाची होती. पण मुलांच्या शिक्षणासाठी कॉम्प्युटर घेऊन झालेल्या घराला दुसरा टीव्ही परवडत नव्हता. त्या घराला कार्डाने दुसरा पडदा दिला, शिवाय हवा तो कार्यक्रम हार्ड डिस्कवर साठवण्याची सोयही.

मग हे कार्ड का गेलं? स्वस्त झालेले सपाट टीव्ही आणि मोबाइल हे सरळ उत्तर दिलं जातं. त्यांनी गरज कमी केली हे खरं, पण कार्ड निरुपयोगी केलं ते केबल कायद्यातील 2011 च्या दुरुस्तीने: तिने केबलचा सिग्नल कुलूपबंद करून सेट-टॉप बॉक्स सक्तीचा केला. सेट-टॉप बॉक्ससाठी नगरपालिकांच्या गावांना 31 डिसेंबर 2015 ची मुदत होती, ती न्यायालयीन वादात लांबली. खेड्यांसाठी अखेर 31 मार्च 2017 ठरली. त्यानंतर चॅनेल बदलण्याचं काम बॉक्सकडे गेलं आणि कार्डाकडे त्याचं आयतं चित्र दाखवणं उरलं. डिजिटायझेशन आवश्यकच होतं: एका वायरीत कितीतरी जास्त वाहिन्या मावल्या, ग्राहकांची लपवलेली संख्या उघड झाली. पण डिजिटल होणं आणि कुलूपबंद होणं एकच नव्हे. डिसेंबर 2004 मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस ही मोफत डीटीएच सेवा डिजिटलच होती, तरी स्कायस्टार 2 सारख्या उपग्रह कार्डावर ती बघता येई. सिग्नल मोकळा होता, म्हणून ग्राहकाला यंत्र निवडता आलं.

मोक्याच्या जागची पन्नासेक केंद्रं वगळता दूरदर्शनचं जुनं ॲनालॉग प्रक्षेपण 31 मार्च 2022 पर्यंत थांबवायचं ठरलं, त्यामुळे ती कार्डं आता परत येणार नाहीत. त्यांच्यामागचं तत्त्व मात्र परत आणता येईल. भारतीय मानक ब्युरोने आयएस 18112 हे 2022 चं मानक उपग्रह ट्यूनर आतच बसवलेल्या टीव्हीसाठी काढलं आहे. असा टीव्ही छतावरच्या छत्रीला जोडला की मोफत वाहिन्या बॉक्सशिवाय दिसतात. म्हणून नवा टीव्ही घेताना दुकानदाराला इंचांच्या आधी हे विचारा: यात उपग्रह ट्यूनर आहे का? ग्राहकांनी ही मागणी लावून धरली, तरच कंपन्या तो बसवतील.