जुनून, एक कॅसेट आणि दोन शंका

१९९८ साली मी अकरावीत होतो. मिरजेतल्या आमच्या घरी नुकतंच केबल आलं होतं आणि गाण्यांच्या चॅनेलवर 'सय्योनी' सतत लागायचं. लांब केसांचे तिघं, इलेक्ट्रिक गिटार आणि सोबत तबला. रॉक म्हणजे नुसता आरडाओरडा, अशी तोवर माझी समजूत होती. पण इथे गाणारा अली अझमत एखाद्या कव्वालासारखा सूर वर वर चढवत होता. मी या बँडच्या पुरता आहारी गेलो. 'आझादी' या अल्बमची कॅसेट इतकी वाजवली की तिची टेप गुंतायची आणि मी पेन्सिल घालून ती परत गुंडाळायचो. मासिकातून कापलेला त्यांचा फोटो पलंगाच्या वर चिकटवला होता.

बँडचं नाव जुनून. आणि बँड पाकिस्तानचा.

पुढच्याच वर्षी कारगिलचं युद्ध सुरू झालं. एका संध्याकाळी अब्बा भिंतीकडे बघून म्हणाले, "बेटा, हे काढून कपाटात ठेव. सध्या नको." ते रागावले नव्हते, घाबरले होते. त्याच दिवसांत मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनीही मला अडवून समज दिली. त्यांना पाकिस्तानचं काही नव्हतं, त्यांच्या मते मौसिकीच हराम होती. एकाच कॅसेटवर दोन्हीकडून शंका! असं फक्त माझ्याच वाट्याला आलं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. जुनूनचा इतिहास वाचला तेव्हा कळलं, की माझ्या आवडत्या कलाकारांनी हेच माझ्यापेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणावर सोसलं होतं.

जुनूनचा संस्थापक सलमान अहमद मुळात स्वतःच एक वेडा चाहता. लाहोरात जन्मलेला हा मुलगा शाळेच्या वयात न्यूयॉर्कजवळ राहत होता. १९७७ मध्ये, तेरा वर्षांचा असताना, त्याने मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लेड झेपेलिनची मैफल ऐकली. ड्रॅगनची नक्षी असलेला सूट घालून दोन मानांची गिटार वाजवणारा जिमी पेज त्याने पाहिला आणि आपल्याला काय व्हायचंय ते त्याचं ठरून गेलं. घरच्यांचं मात्र वेगळं ठरलं होतं. त्याला डॉक्टर होण्यासाठी लाहोरच्या किंग एडवर्ड मेडिकल कॉलेजात धाडण्यात आलं. तो जनरल झिया उल हक यांचा काळ होता. विद्यार्थ्यांच्या एका छोट्या कार्यक्रमात त्याने गिटार वाजवली, तर कट्टर विद्यार्थ्यांनी ती फोडून टाकली.

तो डॉक्टर झाला, पण गिटार सोडली नाही. आधी 'व्हायटल साइन्स' या गाजलेल्या बँडमध्ये वाजवलं आणि १९९० मध्ये स्वतःचा जुनून काढला. गायला अली अझमत आणि बेस गिटारवर शाळेतला अमेरिकन मित्र ब्रायन ओकॉनेल. एक ख्रिस्ती अमेरिकन आणि दोन पंजाबी मुसलमान मिळून बुल्ले शाहचं काव्य रॉकमध्ये गाऊ लागले. लोक त्याला सूफी रॉक म्हणू लागले.

१९९६ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या वेळचं त्यांचं 'जज़्बा-ए-जुनून' पाकिस्तानात जणू क्रिकेटचं राष्ट्रगीत झालं. पण त्याच वर्षी राजकारण्यांच्या भ्रष्टाचारावर 'एहतेसाब' हे गाणं आलं आणि सरकारने ते टीव्हीवरून बंद केलं. १९९८ च्या मे महिन्यात आधी पोखरणला आणि मग चगाईला अणुचाचण्या झाल्या. बॉम्बपेक्षा हा पैसा शिक्षणावर आणि आरोग्यावर खर्च व्हावा, अशी भूमिका जुनूनने घेतली, तीही भारतात मिळत असलेल्या लोकप्रियतेच्या ऐन भरात. मायदेशी त्यांना देशद्रोही ठरवलं गेलं, सरकारी टीव्ही-रेडिओचे दरवाजे बंद झाले. ज्यांच्या गाण्यावर अख्खा देश नाचला होता, त्यांच्याच निष्ठेची चौकशी!

दुसरी शंका दीनची. २००३ च्या एका माहितीपटात सलमान मौलवींना जाऊन भेटतो आणि विचारतो, कुराणात मौसिकीला मनाई कुठे आहे ते दाखवा. त्याचा 'व्हायटल साइन्स'मधला जुना साथीदार जुनैद जमशेद यानं नेमकी उलटी वाट धरली. पॉप सोडून तो तबलीगकडे आणि नातकडे वळला. २०१६ च्या विमान अपघातात तो गेला. मला दोघांबद्दलही आदर आहे. दोघांनी स्वतःच्या मनाने निवड केली. गिटार फोडणाऱ्यांना मात्र दुसऱ्याला निवड करू द्यायची नव्हती.

हे वाचताना मला आमची मिरज आठवत राहिली. शिकलगारीतून, म्हणजे हत्यारांच्या कामातून, इथले मुसलमान कारागीर एकोणिसाव्या शतकात तंबोरे आणि सतारी घडवण्याकडे वळले. किराना घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथे ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात गात आणि १९३७ मध्ये त्यांचा दफनही तिथेच झाला. आजही उरुसात तिथे त्यांच्या नावाने रात्र रात्र मैफल चालते. तिकीट नसतं, कुणी कुणाला नाव-गाव विचारत नाही. खाँसाहेबांची गायकी सवाई गंधर्वांमार्फत भीमसेन जोशींपर्यंत पोचली, तशीच ती रोशन आरा बेगम यांच्यासोबत फाळणीनंतर पाकिस्तानातही गेली. मग तिकडून एखादा सूर कॅसेटमध्ये भरून आमच्या गल्लीत परत आला, तर त्यात शंका घेण्यासारखं काय होतं?

अब्बांना मी दोष देत नाही. २०१५ मध्ये विरोधामुळे गुलाम अलींचा मुंबईतला कार्यक्रम रद्द झाला, तेव्हा त्यांची भीती मला पुन्हा नव्याने समजली. पण एक गोष्ट त्या वेळी कळली नव्हती, ती आज कळते. फोटो कपाटात ठेवायला सांगणारे अब्बा उरुसाच्या रात्री मात्र दर्ग्यात पहिल्या रांगेत बसून मान डोलवायचे, आणि फजरची नमाज पढूनच घरी यायचे. गाणं आणि नमाज यांत त्यांना कधी भांडण दिसलं नाही.

जुनूनला मी आजतागायत प्रत्यक्ष ऐकलेलं नाही. २००८ मध्ये दहशतवाद्यांचा विरोध झुगारून त्यांनी श्रीनगरला दल सरोवराच्या काठी कार्यक्रम केला, तेव्हा मी इथे टीव्हीसमोर बसून होतो. एकदा तरी समोर बसून ऐकायची इच्छा आहे. कुणाच्या सुरावर मी 'वाह' म्हणतो, यावरून माझा देश ठरत नाही आणि माझं ईमानही ठरत नाही. एवढी साधी गोष्ट सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला सिद्ध करावी लागू नये, इतकंच मागणं आहे.