नांगर (लहान होडीचा)

होडी पाण्यात एका जागी धरून ठेवण्यासाठी दोराने किंवा साखळीने तळाशी सोडायचे अवजार. फारसी लंगर आणि तमिळ नंगूरम हे या शब्दाचे सोयरे. मराठीत मात्र तो शेतातल्या नांगराशी एकरूप झाला आहे आणि अवजाराचे मर्मही तिथेच सापडते. नांगर होडीला धरतो तो मुख्यतः वजनाने नव्हे, तर तळात फाळ रुतवून. विजयदुर्ग-सिंधुदुर्गच्या समुद्रात मिळालेले जुने दगडी नांगर पाहिले तरी हे पटते: भोके पाडून त्यांत लाकडी दांडे बसवलेले नांगर आढळतात, म्हणजे निव्वळ दगडाच्या भारावर भिस्त नव्हती. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी 1933 मध्ये सीक्यूआर नांगर बनवला तो तर उघडउघड शेतातल्या फाळाच्या आकाराचा. हलक्या नांगराची पकड त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असू शकते, एवढेच की ओढ जवळजवळ आडवी लागली पाहिजे. ओढ वर लागली की फाळ उपटला जातो.

म्हणून लहान होडीसाठी नांगर निवडताना खरा प्रश्न वजनाआधी दोराचा असतो. नुसत्या दोरावर होडी नांगरायची तर तळापासून होडीच्या नाळेपर्यंतच्या (पुढच्या टोकापर्यंतच्या) उंचीच्या सुमारे सातपट दोर सोडावा, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. उदाहरणार्थ, चेन्नईच्या मरीना किनाऱ्यासमोर 5 मीटर पाण्यात नाळ 1 मीटर उंच असेल, तर 42 मीटर दोर लागतो. तिथे भरती-ओहोटीतला फरक उधाणालाही साधारण मीटरभरच. मुंबईत तो 4 मीटरच्या पुढे जातो, त्यामुळे ओहोटीला त्याच खोलीत नांगरलेल्या होडीला भरतीत 70 मीटर दोर हवा. चेन्नईत भरतीची चिंता कमी, पण उघड्या समुद्राच्या लाटा नाळ सतत उचलतात आणि दोराला हिसके बसतात. यासाठी दोर नायलॉनचा असावा, कारण तो ताणला जाऊन हिसका पचवतो. तरंगणारा पॉलिप्रॉपिलीन दोर पंख्यात अडकतो. नांगराजवळ निदान होडीच्या लांबीइतकी साखळी जोडली की ओढ तळालगत राहते आणि दोरही घासत नाही.

मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या दगडावर किंवा चार नख्यांच्या गळावर भागवतात, मग हा खटाटोप कशाला, असा आक्षेप येतो. त्यांचे बरोबरच आहे, पण त्यांची गरज वेगळी: माणूस होडीत असतो, थांबणे घटका-दोन घटकांचे असते आणि खडकात अडकलेला गळ स्वस्तात सोडून देता येतो. वाळूत रात्रभर होडी सोडायची तर रुंद, चपट्या फाळांचा डॅनफोर्थ किंवा फाळाच्या आकाराचा नांगरच हवा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चेन्नईच्या कासिमेडूसारख्या गजबजलेल्या बंदरात लांब दोरावरची होडी फिरून शेजारच्या होड्यांवर आदळेल, हे खरे. पण त्यावर आखूड दोर हा उपाय नव्हे. तिथे पक्क्या खुंट्याला बांधावे किंवा अधिक साखळी वापरून तीन-चारपट लांबीत भागवावे.

नांगर भिरकावू नये. होडीचे तोंड वाऱ्याकडे वा प्रवाहाकडे करून थांबावे, नांगर हळू उतरवावा, होडी मागे सरकताना दोर सोडत जावे आणि शेवटी इंजिन उलटे चालवून फाळ रुतवावा. मग होडीच्या बाजूला, किनाऱ्यावरच्या एकामागे एक दिसणाऱ्या दोन खुणा धराव्यात. त्या एकमेकींपासून सरकू लागल्या तर नांगर घसटतो आहे. होडी मागच्या टोकाने कधीही नांगरू नये. इंजिनाच्या भाराने आधीच खाली बसलेला तो भाग लाटेखाली जातो आणि होडी भरते.

इतके करूनही चेन्नईत नांगराला मर्यादा आहे, आणि तीच इथे सर्वांत महत्त्वाची. दुपारचा समुद्री वारा होडीला किनाऱ्याकडे रेटतो, म्हणजे नांगर सुटला तर मागे थेट फुटणाऱ्या लाटा असतात. आडोशाला खाडी नाही. कृत्रिम बंदर होण्यापूर्वी जहाजे उघड्या समुद्रातच नांगरत आणि काथ्याने शिवलेल्या मसुला होड्या माणसे-माल किनाऱ्यावर आणत. 1746 मध्ये मद्रास (आजचे चेन्नई) जिंकलेल्या फ्रेंच सेनानी ला बूर्दोनेचा तिथेच नांगरलेला ताफा ऑक्टोबरच्या वादळात सापडला आणि त्याने त्यातली काही जहाजे गमावली. 1875 नंतर बांधायला घेतलेल्या बंदराच्या भिंतीही 1881 च्या चक्रीवादळाने फोडल्या. जिथे बंदराच्या भिंती टिकल्या नाहीत, तिथे लहान होडीच्या नांगरावर ऑक्टोबर ते डिसेंबर या वादळी काळात विसंबणे चूक आहे. या किनाऱ्यावरचे कोळी कट्टुमरम (ओंडके बांधून केलेली होडी) पाण्यात नांगरून ठेवत नसत. फेरी संपली की ते वाळूवर ओढून त्याचे ओंडके सुटे करून सुकवत.