पोकळीची चाकरी

थंड प्रदेशांत जुनी अमेरिकन मोटार चालविणाऱ्यास एका चमत्कारिक दुखण्याचा अनुभव येतो. गाडी सपाटीवर असेपर्यंत हीटरची ऊन हवा पायांशीं येत असते. चढ लागला आणि चालकानें अ‍ॅक्सिलरेटर दाबला, कीं पायांची ऊब एकाएकीं नाहींशी होते व तीच हवा समोरच्या कांचेवर वाहूं लागते. चढ संपला कीं सर्व पूर्ववत्. विजेचा दोष म्हणावा तर दिवे नीट असतात. पंख्याचा म्हणावा तर पंखा फिरत असतो. या दुखण्याचें मूळ ज्या तत्त्वांत आहे, तें तत्त्व मोटारीहून जवळजवळ अडीचशें वर्षांनीं जुनें आहे.

१६४३ सालीं इटलींत टॉरिसेली याच्या प्रयोगांत पाऱ्यानें भरलेली नळी पाऱ्याच्याच भांड्यांत उलटी उभी केली गेली. पारा सुमारें ३० इंचांवर थांबला आणि वर रिकामी जागा राहिली. पारा तोलून धरणारी शक्ति ही पोकळीची ओढ नसून भांड्यांतील पाऱ्यावर पडणारा वातावरणाचा भार होय, असा निर्णय टॉरिसेलीनें दिला. पुढें जर्मनींतील माग्डेबुर्गच्या ओटो फॉन गेरिके यानें दोन अर्धगोल एकमेकांस जोडून आंतील हवा पंपानें काढली, तेव्हां दोहों बाजूंस जुंपलेल्या घोड्यांनाही ते विलग करणें जड गेलें. तात्पर्य, पोकळी कांहींच ओढीत नाहीं. बाहेरची हवा ढकलते. पोकळीकडून चाकरी करून घेणें म्हणजे वस्तुतः वातावरणाकडून चाकरी करून घेणें होय.

या चाकरीवर शेंकडों माणसांचा जीव सोंपविण्याची वेळ आली ती आगगाडींत. साध्या निर्वात ब्रेकांत ब्रेक लावावयाचा म्हणजे नळींतील हवा काढून पोकळी करावयाची. नळी सुटली, तर पोकळी होत नसे आणि ब्रेकही लागत नसे. १२ जून १८८९ रोजीं आयर्लंडांत आर्मा गांवाजवळ रविवारच्या धर्मशाळेंतील मुलांची सहलीची गाडी चढावर अडली. पुढचे डबे अगोदर न्यावे म्हणून गाडी मधून तोडण्यांत आली. त्याबरोबर मागच्या दहा डब्यांचा निर्वात ब्रेक निरुपयोगी झाला. हातब्रेक आणि चाकांखालीं ठेवलेले दगड यांना तो भार आवरला नाहीं. डबे उतारावरून मागें धांवले व पाठोपाठ येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारें ८० माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांत मुलें पुष्कळ होतीं.

त्याच वर्षीं ब्रिटिश पार्लमेंटानें कायदा करून उतारूंच्या गाड्यांस सर्व डब्यांना एकदम व आपोआप लागणारा ब्रेक आवश्यक ठरविला. आपोआप लागणाऱ्या निर्वात ब्रेकांत सर्व क्रम उलटा असतो. गाडी चालतांना नळींत पोकळी असते व ब्रेक सुटलेला असतो. नळी तुटली, कीं हवा आंत शिरते आणि ब्रेक लागतो. भारतीय रेल्वेवर हा ब्रेक दीर्घकाळ होता. त्या काळीं उतारूनें सांखळी ओढली, कीं नळींत हवा शिरे आणि गाडी थांबूं लागे.

मोटारींत पोकळी आयतीच मिळाली. पेट्रोलच्या इंजिनांत दट्ट्या खालीं येतांना हवा आंत घेतो, पण थ्रॉटलचें दार बहुतांशीं मिटलेलें असल्यामुळें मॅनिफोल्डांत विरळ हवा राहते. इंजिन मंद चालत असतां ही पोकळी पाऱ्याच्या सुमारें १८ ते २० इंचांइतकी असते. थ्रॉटल पूर्ण उघडलें, कीं ती जवळजवळ लोपते. म्हणूनच पूर्वीच्या मोटारींतील पोकळीवर चालणारे वायपर ऐन चढावर मंदावत. पुढें पोकळीकडे हीटरचीं दारेंही सोंपविण्यांत आलीं. प्रत्येक दारास रबरी पडद्याची एक डबी जोडलेली असते. डबींत पोकळी झाली, कीं बाहेरची हवा पडदा ढकलते व दार फिरतें. १८ इंचांच्या पोकळींत पडद्याच्या दर चौरस इंचावर जवळजवळ नऊ पौंडांचा भार पडतो. चढावर पोकळी कमी पडूं नये म्हणून सांठवणीचा एक डबा आणि हवा एकाच दिशेनें जाऊं देणारी झडप यांची योजना असते.

यावरून दोष शोधण्याचा क्रम सहज ठरतो. हवा केवळ चढावर कांचेकडे जात असेल, तर झडप, सांठवणीचा डबा किंवा बारीक गळती यांचा संशय घ्यावा. ती सदैव कांचेकडेच जात असेल, तर मूळची नळी निसटली किंवा तडकली असण्याचा संभव अधिक. बटण एकाच खुणेवर फिरविलें असतां डॅशबोर्डामागें सूं सूं असा आवाज येत असेल, तर त्या खुणेची नळी अथवा डबी फुटकी समजावी. तपासणी उगमाकडून मुखाकडे करावी. इंजिन मंद चालत असतां, फिरत्या पंख्यापासून हात जपून, मॅनिफोल्डकडून येणाऱ्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवावा. तो चिकटून बसला पाहिजे. झडप काढून फुंकून पाहावी. हवा एका बाजूनें जावी, दुसरीनें जाऊं नये. शेवटीं हातपंपानें एकेका डबींत पोकळी करावी. पंपाचा कांटा घसरला तर पडदा फाटका. कांटा स्थिर असून दार हललें नाहीं, तर दारच अडकलेलें.

हवा कांचेकडेच कां वळते, हा प्रश्न उरतो. पुष्कळ मोटारींत पोकळी नाहींशी झाली असतां डबींतील स्प्रिंग दाराला त्याच बाजूस लोटते, आणि ही योजना बुद्धिपुरस्सर केलेली असते. पाय गारठले तर त्रास होतो. कांचेवर दंव अथवा बर्फ सांचलें तर चालक आंधळा होतो. नंतरच्या मोटारींत दारें फिरविण्याचें काम विजेच्या लहान मोटरांकडे गेलें. तशी मोटर निकामी झाली, तर दार सामान्यतः असेल तेथेंच थांबतें. जुन्या गाडीची गळती अवश्य काढावी; परंतु ती गाडी बिघडली असतांही आपलें मुख्य काम विसरत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. यंत्र केव्हां तरी बिघडणारच. बिघडल्यावर तें कोणत्या बाजूस झुकावें, हें अगोदर ठरविणें मात्र माणसाच्या हातीं असतें. आर्माच्या चढावर तें ठरलेलें नव्हतें.