पाचवीची भाषा पहिलीत

लोणावळ्याहून आमच्या कुरवंड्याला यायचं तर वाटेत नौदलाची ‘आयएनएस शिवाजी’ ही प्रशिक्षण संस्था लागते. १९४५ च्या फेब्रुवारीत ती सुरू झाली आणि गावाला हिंदी मिळाली ती तिच्या फाटकावर. पंजाबी, मल्याळी, बंगाली, सगळ्या मुलखांतले नौसैनिक. त्यांच्याशी दुसरं बोलणार तरी काय? आमचे वडील तिथं माळीकामाला होते. हिंदीचं पुस्तक त्यांनी कधी उघडलं नाही, पण साहेबाशी अडले कधी नाहीत.

शाळेचा हिशोब निराळाच. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारनं मुंबई राज्यात इंग्रजी पार आठवीत नेली. आमचे थोरले चुलते सातवीची फायनल पास झाले ते एबीसीडी न गिरवताच. माझ्या वेळी, सत्तरीच्या दशकात, पाचवीत हिंदी आणि इंग्रजी एकदमच पुढ्यात आल्या. चाररेघी वही लोणावळ्याच्या बाजारातून आणायची. ‘जी’चं शेपूट खालच्या रेघेला टेकलं नाही की पान पुन्हा लिहायचं.

जून २००० मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, इंग्रजी पहिलीत आली. मोरे सर आमच्याच पुणे जिल्ह्यातले. विरोध पुष्कळ झाला, पण मला तो निर्णय पटला होता. गरिबाच्या पोरानं पाचवीपर्यंत का थांबावं? मी तेव्हा मावळातल्याच एका शाळेवर पहिली ते चौथी एका खोलीत सांभाळत होतो. ‘स्टँड अप, सिट डाउन’ पोरं उड्या मारत करायची. पहिलीला इंग्रजी गाणं सुरू केलं की चौथीवाले भागाकार टाकून तेच म्हणायला लागायचे! गाणी सगळ्यांना पाठ झाली, वाचन मात्र मागे पडलं. चार वर्गांना एक मास्तर, दुसरं काय होणार?

म्हणूनच १६ एप्रिल २०२५ चा शासन निर्णय, पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा, वाचला तेव्हा आधी डोळ्यांपुढे आली ती तीच खोली. हिंदीशी आमचं वैर नाही. टायगर पॉइंटवर आईशेजारी बसून पर्यटकांना कणसं विकणारी दुसरीतली पोर ‘नींबू ज्यादा लगाऊं क्या?’ असं फाडफाड विचारते. प्रश्न शिकवणाऱ्यांचा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीच्या साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक धरलेत. पाच वर्ग, दोन माणसं, त्यात आणखी एक विषय.

त्याच वर्षी २९ जूनला सरकारनं हा निर्णय आणि त्यानंतरचा सुधारित निर्णय, असे दोन्ही मागे घेतले आणि तिसऱ्या भाषेच्या प्रश्नावर नरेंद्र जाधवांची समिती जाहीर केली. माझं सरकारला इतकंच सांगणं आहे: हिंदी पाचवीतच राहू द्या, आणि पहिलीला काही द्यायचंच असेल तर आधी शिक्षक द्या.