अंगण कधी वाकडे असते?

गोल्फ खेळणाऱ्याला पिशवीत जास्तीत जास्त १४ काठ्या बाळगण्याची मुभा असते. त्यांतल्या बहुतेक काठ्या चेंडू हवेत उडवण्यासाठी असतात. एकच काठी त्याला जमिनीवरून अलगद ढकलण्यासाठी. तिचे नाव पटर. मैदानाचे ‘पार’ ७२ फटक्यांचे धरले, तर त्यातले ३६ फटके, म्हणजे अठरा छिद्रांपैकी प्रत्येकाला दोन, या एकट्या काठीच्या नावावर मांडलेले असतात. छिद्राभोवतीच्या बारीक कातरलेल्या हिरवळीवर, म्हणजे ग्रीनवर, चेंडू पोहोचला की ताकदीचे काम संपते. उरते ती दिशा, वेग आणि हाताची स्थिरता.

आज नामांकित बनावटीचा पटर घ्यायचा तर चारशे-पाचशे डॉलर मोजावे लागतात. रुपयांत चाळीस हजारांच्या आसपास. त्याच कामाचा साधा पटर याच्या अगदी थोड्या भागात मिळतो. मग महागडा घ्यावा का? प्रश्न दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचा आहे, पण त्याचे उत्तर दुकानात मिळत नाही. ते सव्वाशे वर्षांच्या इतिहासात सापडते. या इतिहासाला आपली एक जुनी म्हण नेमकी लागू पडते : नाचता येईना, अंगण वाकडे. फरक इतकाच, की पटरच्या बाबतीत अंगण एक-दोनदा खरोखरच वाकडे निघाले.

पहिली वेळ विसाव्या शतकाच्या आरंभीची. तोवरचा पटर म्हणजे लोखंडाची चपटी पट्टी किंवा लाकडी ठोकळा, आणि त्याच्या एका टोकाला बसवलेला दांडा. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत आर्थर नाइट नावाचे अभियंते होते. त्यांनी ॲल्युमिनियमचे रुंद डोके घडवले आणि दांडा टोकाला न लावता मध्याच्या जवळ आणला. १९०३ साली त्यांना याचे पेटंट मिळाले. गावाच्या नावावरून हा पटर ‘स्केनेक्टडी’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

पुढच्याच वर्षी वॉल्टर ट्रॅव्हिस हे अमेरिकी हौशी खेळाडू इंग्लंडमध्ये सँडविचच्या मैदानावर ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धेसाठी उतरले. जन्माने ते ऑस्ट्रेलियन. सरावात त्यांचे पटिंग पार बिघडले होते, म्हणून सोबतच्या एका अमेरिकनाकडून त्यांनी स्केनेक्टडी उसना घेतला. त्या उसन्या काठीने त्यांनी स्पर्धा जिंकली. हा मान मिळवणारे ते पहिले अमेरिकी खेळाडू. यजमानांना हा पराभव बोचला. १९१० साली सेंट अँड्र्यूजच्या नियामक मंडळाने मध्यभागी दांडा असलेल्या अशा पटरवर बंदी घातली. अमेरिकेने ती मानली नाही. दोन्हीकडचे नियम एक झाले आणि ही बंदी उठली, तेव्हा १९५१-५२ साल उजाडले होते.

या प्रकरणातून दोन गोष्टी हाती लागतात. नाइट यांची सुधारणा खरी होती. अवजाराच्या आकाराने फरक पडतो हे तिने दाखवले. पण ट्रॅव्हिस त्याआधी तीन वेळा अमेरिकी अमॅच्युअर विजेते ठरलेले होते, हेही विसरून चालत नाही. विजय मिळाला की लोकांचे लक्ष हाताकडून काठीकडे जाते. जिंकणाऱ्याचा हात विकत मिळत नाही; काठी मिळते.

बॉबी जोन्स यांच्या ‘कॅलॅमिटी जेन’ची कथा याच्या नेमकी उलट आहे. १९२३ साली त्यांना भेट मिळालेला हा पटर अगदी साधा होता : पातळ लोखंडी पाते, हिकरीच्या लाकडाचा दांडा, आणि दांड्यावर दोऱ्याचे वेढे गुंडाळलेले. तो हाती आला त्याच वर्षी जोन्स यांनी पहिली यू. एस. ओपन जिंकली. पुढे गंज घासता घासता पात्याचा दर्शनी भाग झिजला, म्हणून त्याची हुबेहूब नक्कल करून घ्यावी लागली. १९३० साली एकाच वर्षात त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जोन्स यांनी जिंकल्या, त्या या नकलेने. नव्या युक्तीची त्यांना गरज भासली नाही. हाताला सवयीचे झालेले वजन आणि तोच कोन त्यांना हवा होता.

त्या कोनालाही अर्थ होता. कॅलॅमिटी जेनचे पाते सुमारे आठ अंश मागे झुकलेले होते. आजच्या पटरमध्ये हा कोन तीन-चार अंशांचा असतो. त्या काळी ग्रीनवरचे गवत उंच असे. चेंडू गवतात किंचित रुतलेला असे आणि त्याला उचलून पुढे लोटावे लागे. गवत कापण्याची यंत्रे सुधारत गेली तसे ग्रीन वेगवान झाले. १९३५ सालची यू. एस. ओपन पेनसिल्व्हेनियातल्या ओकमाँट मैदानावर झाली. तिथे हलक्या हाताने मारलेले चेंडू घरंगळत ग्रीनबाहेर जाताना एडवर्ड स्टिम्पसन यांनी पाहिले आणि वेग मोजण्यासाठी एक साधी उतरती पट्टी बनवली. पुढे सुधारलेल्या रूपात अमेरिकी गोल्फ संघटनेने ती स्वीकारली. आजही ग्रीनचा वेग ‘स्टिम्पमीटर’नेच सांगितला जातो. तेव्हा कोणताही पटर स्वतःपुरता चांगला किंवा वाईट नसतो. तो कोणत्या गवतावर चालणार, हे आधी पाहावे लागते.

अंगण दुसऱ्यांदा वाकडे निघाले ते १९५९ साली. कार्स्टन सोल्हाइम हे नॉर्वेत जन्मलेले, अमेरिकेत वाढलेले आणि एके काळी चांभारकाम केलेले अभियंते. योगायोग असा, की तेही जनरल इलेक्ट्रिकमध्येच नोकरीला होते. वयाच्या बेचाळिशीत सहकाऱ्यांच्या आग्रहाखातर ते गोल्फ खेळू लागले आणि पटिंगने त्यांना बेजार केले. बहुतेकांनी असा दोष स्वतःच्या हाताला दिला असता. सोल्हाइम यांनी काठी तपासली. चेंडू पात्याच्या नेमक्या मध्यावर लागला नाही, तर पाते मुठीत किंचित फिरते. दिशा बिघडते आणि जोरही वाया जातो. त्यांनी पात्याचे वजन मधून काढून दोन टोकांना वाटून टाकले. त्यामुळे चुकलेल्या फटक्यातही पाते कमी वळते. कॅलिफोर्नियातल्या घराच्या गॅरेजमध्ये तयार झालेल्या त्या पहिल्या पटरमधून चेंडू लागताच ‘पिंग’ असा आवाज येई. तेच त्याचे नाव पडले, आणि पुढे कंपनीचेही.

१९६६ साली सोल्हाइम यांनी ग्रामोफोनच्या तबकडीच्या वेष्टनावर एक नवा आराखडा काढला. नाव ठरले ‘उत्तर’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे. तो शब्द पटरवर मावेना, तेव्हा पत्नी लुईस यांनी त्यातले एक अक्षर गाळायला सुचवले. उच्चार तोच राहिला : ‘ॲन्सर’. १९६७ साली त्याचे पेटंट मंजूर झाले आणि सोल्हाइम नोकरी सोडून पूर्णवेळ पटर बनवू लागले.

खरेदीच्या प्रश्नाचा निम्मा उलगडा इथेच होतो. त्या काळी अमेरिकी पेटंट मंजुरीपासून सतरा वर्षे टिके. मुदत संपल्यावर ‘ॲन्सर’चा आकार सर्वांसाठी खुला झाला. स्वस्त-महाग, नामांकित-अनामिक असे असंख्य पटर त्या आराखड्यावरून निघाले. टायगर वुड्स यांनी १५ पैकी १४ मोठी विजेतेपदे ज्या पटरने मिळवली, तो स्कॉटी कॅमेरॉन यांचा ‘न्यूपोर्ट २’ याच घराण्यातला. सोल्हाइम यांनी सोडवलेले भौतिकशास्त्र आज कोणत्याही साध्या दुकानातल्या पटरमध्येही मिळते. मग जास्तीचे पैसे कशाचे? अखंड धातूतून यंत्राने कोरून काढलेले पाते, सफाई, धातूचा दर्जा, आवाज आणि स्पर्श यांचे. आणि त्याहून अधिक, कथेचे. वुड्स यांच्यासाठी बनवलेला एक राखीव पटर लिलावात ३,९३,३०० डॉलरला गेला. त्या रकमेत लोखंडाचा वाटा किती, हे सांगायला नको.

स्वस्त पटरनेही इतिहास घडवला आहे. बेन क्रेनशॉ यांना शालेय वयात वडिलांनी टेक्सासमध्ये वीस डॉलरला एक पटर घेऊन दिला. ‘लिटल बेन’ या नावाने तो प्रसिद्ध झाला आणि १९८४ व १९९५ अशा दोन मास्टर्स विजेतेपदांत त्यांच्या हाती होता. हेच क्रेनशॉ १९८७ सालच्या रायडर चषकात रागाच्या भरात आपला पटर मोडून बसले. उरलेली फेरी त्यांनी लोखंडी काठीने आणि वाळूतून चेंडू काढायच्या काठीच्या कडेने पटिंग करत काढली, आणि आयर्लंडच्या एमन डार्सींकडून हरले ते अवघ्या एका छिद्राने. दक्षिण आफ्रिकेच्या बॉबी लॉक यांनी चार वेळा ब्रिटिश ओपन जिंकली. त्यांचा पटर हिकरीच्या दांड्याचा, जुनापुराणा होता.

तरीही दर पिढीत लोक पुन्हा काठीकडेच धावतात. १९८६ साली ४६ वर्षांच्या जॅक निक्लॉस यांनी भल्या मोठ्या डोक्याच्या मॅग्रेगर पटरने मास्टर्स जिंकली आणि कंपनीकडे मागण्यांचा पूर आला. त्याआधीची सतरा मोठी विजेतेपदे निक्लॉस यांनी वेगळ्या पटरांनी मिळवली होती, याचा विचार त्या घाईत कोण करतो? २०२५ साली पुन्हा ओकमाँटवरच यू. एस. ओपन झाली. जे. जे. स्पॉन यांनी शेवटच्या छिद्रावर सुमारे ६४ फुटांवरून चेंडू आत घातला, आणि त्यांच्या हातातला ‘लॅब’ कंपनीचा बोजड दिसणारा पटर चर्चेचा विषय झाला. हाही पटर स्वस्त नाही.

अशा वेळी आकडे डोके थंड ठेवतात. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिक स्पर्धांतल्या लाखो फटक्यांचा हिशेब मांडून २०१४ साली पुस्तक लिहिले. त्यांच्या हिशेबानुसार अव्वल खेळाडूंना इतरांवर जी आघाडी मिळते, तिच्यात पटिंगचा वाटा सुमारे १५ टक्के आहे. बाकीची आघाडी लांबच्या आणि ग्रीनकडे नेणाऱ्या फटक्यांतून येते. आठ फुटांवरून जगातले उत्तम व्यावसायिकही निम्मेच चेंडू आत घालतात. दूरचित्रवाणीवर सगळे चेंडू आत जाताना दिसतात, कारण चुकलेले फारसे दाखवले जात नाहीत. आठ फुटांवरून दहापैकी सहा चेंडू हुकले म्हणून पटर बदलणाऱ्याने आधी एवढे ध्यानात घ्यावे, की त्याच्या आणि जगज्जेत्याच्या कामगिरीत तिथे एकाच चेंडूचे अंतर आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब कोलकात्यात आहे, स्थापना १८२९. हा खेळ इथे साहेबाचा, मग सैन्याचा आणि मोठ्या अधिकाऱ्यांचा राहिला. छोट्या गावांतल्या मैदानांवर ग्रीनचा खर्च परवडत नसे, तिथे वाळूत तेल मिसळून ‘ब्राउन’ तयार करत, आणि पटिंगआधी चेंडूची वाट फळीने सारखी करून घेत. चाळीस हजारांच्या पात्यावरचे बारीक कोरीवकाम अशा वाळूवर काय दिवे लावणार! या खेळाच्या कडेला उभी असलेली मुले, म्हणजे पिशव्या वाहणारे कॅडी आणि माळ्यांची मुले, तोच खेळ पाहून पाहून शिकली. दिल्ली गोल्फ क्लबात कॅडीचे काम केलेल्या अली शेर यांनी १९९१ साली इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक. रॉयल कलकत्त्यातल्या हिरवळ राखणाऱ्याचे चिरंजीव एस. एस. पी. चौरासिया यांनी २००८ साली दिल्लीत इंडियन मास्टर्स आणि पुढे दोनदा इंडियन ओपन जिंकली. त्यांची ख्याती लांब फटक्यांची नव्हती. ग्रीनवरच्या आणि ग्रीनजवळच्या हाताची होती.

माझ्या मते मुद्द्याची गोष्ट हीच आहे. गोल्फमध्ये जवळजवळ सगळे पैशाने मिळते : सदस्यत्व, शिक्षक, प्रवास, लांब पल्ल्याची काठी. दहा फुटांच्या ग्रीनवर मात्र साहेब आणि त्याची पिशवी वाहणारा पोर एका पायरीवर येतात. तिथे शरीराची ताकद लागत नाही, लागतो तो सराव, आणि सराव उसन्या काठीनेही होतो. चांगले पटिंग चाळीस हजारांत मिळते असे आपण मान्य केले, तर या खेळातली ही एकुलती समान जागाही आपण बाजाराला देऊन टाकतो.

म्हणून पटर घेताना किमतीआधी तीन गोष्टी पाहाव्यात. चेंडूवर वाकून उभे राहिल्यावर नजर चेंडूच्या वर येईल, एवढीच त्याची लांबी आहे का? पात्यावरची रेघ लक्ष्याकडे लावलेली आपल्या डोळ्याला खरोखर सरळ दिसते का? आणि ज्या मैदानावर आपण खेळतो, तिथल्या हिरवळीच्या वेगाला त्याचे वजन मानवते का? या तीन कसोट्यांना उतरणारा पटर कमी किमतीतही मिळतो आणि वापरलेलाही चालतो. महागडा पटर त्यांना उतरला, खिशाला जड नसला आणि रोज हातात घ्यावासा वाटला, तर घ्यायला हरकत नाही. सुंदर वस्तूचा आनंद हेही खरेदीचे रास्त कारण आहे. पण तो आनंद म्हणूनच घ्यावा, कौशल्य म्हणून नव्हे. नाइट आणि सोल्हाइम यांनी अंगण सपाट करून ठेवले, त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. पुढचे नाचणे आपल्यालाच शिकायचे आहे.