फाइल उघडली, पण मराठी कुठे गेली?

बेलापूरच्या एका मित्राने साडेबारा टक्के भूखंडांवरच्या २००३ च्या बातम्या मेल केल्या. उघडल्या तर पानभर इंग्रजी अक्षरांचा काला! फाइल बिघडलेली नाही, मंडळी. त्या काळचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागेवरच मराठी आकार बसवायचे. फॉन्ट असला तर मराठी, नसला तर कचरा. त्यात प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. छापखान्याला कागदच हवा होता, म्हणून वर्षानुवर्षं कुणाचं अडलं नाही. मेल आला आणि पितळ उघडं पडलं. मग आम्ही मजकुरासोबत फॉन्टही पाठवायचो, नाहीतर सरळ फॅक्स.

खरं तर १९९१ मध्येच भारतीय मानक ‘इस्की’ आलं, त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीही आली. विंडोज २००० सोबत ‘मंगल’ फॉन्ट मिळू लागला. पण पानं लागायची पेजमेकरवर, त्याला युनिकोड मराठी जमत नव्हती. आम्ही जुनंच बडवत राहिलो, दोष आमचाही.

आता कन्व्हर्टर आहेत. पण जुन्या फाइलीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, युनिकोडमध्ये नंतर. जोडाक्षरं तुटतात, मधल्या इंग्रजी शब्दांचंही भलतंच मराठी होतं. गावठाणातला माणूस आजोबांचं नाव शोधतो, ते फाइलीत असूनही सापडत नाही.

या फाइलींचा फॉन्ट कोणता, तेच कळत नाहीये. त्या काळचे डीटीपी ऑपरेटर कुणाच्या ओळखीत असतील तर मेसेज करा. मी पहिलं पान घेऊन येतो.